फिरायला चाललोय, असं सांग

दुबईवाले साहेब,

माझ्या बहिणीच्या गावात तुम्हाला याच नावानं ओळखतात, म्हणून मीही तेच वापरतो. तुमचं खरं नाव मला ठाऊक आहे आणि ते मी पोलिसांना दिलंय. इथं लिहीत नाही, कारण तुमच्यासारखे दुबईवाले, सौदीवाले, कुवेतवाले उमरगा, लोहारा, तुळजापूरकडच्या गावांतून अजून फिरतात. हे पत्र त्यांनीही स्वतःच्या नावानं वाचावं.

मी उमरग्यात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पीक विम्याचे अर्ज, पासपोर्टचे अर्ज, सगळं माझ्या हातून जातं. माझा भाचा दुबईला चाललाय हे मला कळलं ते तो विमानात बसल्यावर. तुम्ही बहिणीला बजावलं होतं, "कुणाला सांगू नका, व्हिसा हातात येईपर्यंत नजर लागते." नजर कुणाची लागणार होती, हे आता कळतं. कागद वाचणाऱ्या माणसाची तुम्हाला धास्ती होती.

जानेवारी २०२४. लोहारा तालुक्यातलं गाव, १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं घर. तुम्ही खाटेवर बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "कंपनी स्पॉन्सर आहे. दोन वर्षांचा व्हिसा, राहणं-खाणं कंपनीचं, पगार पंधराशे दिरहम." आणि त्याच तोंडानं एक लाख चाळीस हजार मागितलेत. सोयाबीनचे पंचेचाळीस हजार, बचत गटातून काढलेले पस्तीस आणि बोरमाळ गहाण ठेवून आणलेले साठ, असे पैसे बहिणीनं जमवले. तुम्ही खिशातल्या डायरीचं पान फाडून त्यावर आकडा लिहिलात, खाली सही केलीत. पावती मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हीच पावती." ते पान माझ्याकडे आहे. डायरी एका पतसंस्थेची होती, पानाच्या वर सुविचार छापलेला आहे.

साहेब, स्पॉन्सर म्हणजे कोण? जो दुसऱ्याचा भार स्वतःच्या अंगावर घेतो तो. व्हिसाच्या बाबतीत त्या शब्दाला कायद्याचं वजन आहे. संयुक्त अरब अमिरातीत कामगार आणायचा असेल तर मालकानं तिथल्या कामगार मंत्रालयाकडं अर्ज करायचा, नोकरीचा प्रस्ताव कामगाराला कळेल अशा भाषेत द्यायचा, तो हिंदीतही मिळतो. त्यावर त्याची सही घ्यायची, मग प्रवेश परवाना काढायचा. माणूस उतरला की वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र, निवासाची नोंद, सगळं मालकाच्या खर्चानं. तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्याचं सहावं कलम सांगतं की भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळ नाही आणि आडमार्गानंही नाही. सौदीच्या कायद्यातलं चाळिसावं कलम त्याच वळणाचं आहे: भरतीचा खर्च, इकामा म्हणजे निवासाचा परवाना, कामाचा परवाना, त्यांचं नूतनीकरण, उशीर झाला तर दंड आणि काम संपल्यावर परतीचं तिकीट, सगळं मालकाकडं. म्हणजे कंपनी खरंच स्पॉन्सर असती तर माझ्या बहिणीची बोरमाळ तिच्या गळ्यात राहिली असती.

आता आपल्याकडचं सांगतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय कुणाला परदेशी कामासाठी माणसं भरती करता येत नाहीत. केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणी असलेल्या एजंटालाही कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती द्यावी लागते. त्याला गावोगाव उपएजंट ठेवायची परवानगी नाही. तुमच्याकडं नोंदणी क्रमांक नव्हता. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर मी तुमचं नाव शोधलं, तुमच्या भावाचं शोधलं, तुम्ही सांगितलेल्या मुंबईच्या ऑफिसचं शोधलं. काही निघालं नाही. पाच मिनिटांचं काम होतं ते. भाचा गेल्याचं कळलं तेव्हाच करायला हवं होतं, मी डिसेंबरात केलं, आणि ती बोच मला आहे.

भाच्याची शाळा नववीनंतर सुटली. फरशी बसवायचं काम तो सोलापुरात शिकला, हात चांगला आहे त्याचा. दहावी पास नसल्यामुळं त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा आहे. हा शेरा असलेला माणूस आखातातल्या आणि आणखी काही देशांत, एकूण अठरा देशांत, कामाला जाणार असेल तर सरकारच्या उत्प्रवास संरक्षकाची परवानगी लागते. त्यासाठी परदेशातला मालक नोंदवलेला असावा लागतो, करार दाखवावा लागतो, विमा काढावा लागतो. हा प्रवासी भारतीय विमा तेव्हा दोन वर्षांसाठी २७५ रुपयांचा होता, कर वेगळा. अपघातात माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला तर दहा लाख मिळतात. एक लाख चाळीस हजारांतून तुम्ही हे २७५ रुपयेही त्याच्यासाठी खर्च केले नाहीत.

कसे करणार? विमा काढला असता तर परवानगीचा कागद पुढं आला असता, परवानगीसाठी करार लागला असता, आणि करार नव्हताच. तुम्ही काढलात तो साठ दिवसांचा भेटीचा व्हिसा. भेटीला जाणाऱ्याला ती परवानगी लागत नाही, ही फट तुम्हाला पाठ आहे. म्हणून मुंबईच्या विमानतळाबाहेर तुमच्या माणसानं पोराच्या हातात परतीचं तिकीट आणि हॉटेलच्या बुकिंगचा कागद दिला आणि पढवलं, "विचारलं तर फिरायला चाललोय, असं सांग." त्यानं तसं सांगितलं. फरशीचा कटर वापरून बोटांना घट्टे पडलेलं एकवीस वर्षांचं पोरगं, नवीन बूट घालून, काउंटरवरच्या अधिकाऱ्यापुढं खोटं बोललं. तोवर ते आईशीसुद्धा खोटं बोललं नव्हतं. तिकीट तुम्ही नंतर रद्द करून पैसे परत घेतलेत, हेही मला कळलंय.

शारजात एका खोलीत चौदा जण होते, खाटेवर खाट. कंपनी नव्हती, एक ठेकेदार होता. त्यानं पासपोर्ट काढून घेतला. दोन महिने थोडेथोडके रोख पैसे दिले, मग तेही थांबले. साठ दिवस संपले आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला पन्नास दिरहम दंड चढायला लागला. तक्रार कुणाकडं करणार? ज्याच्याकडं करायची त्यानं आधी कामाचा परवाना विचारला असता. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, मी इथं हाय ह्येचा कागदच न्हाई." दोनशे दिवसांचा दंड दहा हजार दिरहम होतो, आपले सव्वादोन लाखांच्या वर. १ सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या सरकारनं मुदत संपलेल्यांसाठी माफी सुरू केली आणि ती पुढं ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणून तो सुटला. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासानं पासपोर्टाच्या जागी प्रवासाचा कागद दिला. तिकीट मी काढलं. तो घरी आला तेव्हा अकरा किलोनं उतरला होता. फोनवर त्याचं दुखणं तुमच्या कानावर घातलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरगं टिकलं नाही." हे वाक्य मी विसरणार नाही.

आपल्या जिल्ह्याला मुकादम माहीत आहे. कळंब, भूम, वाशी, परांड्याकडून दसऱ्यानंतर कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या उचलीत घरं अडकतात आणि ती उचल पिढ्यानपिढ्या फिटत नाही, त्या पद्धतीचं समर्थन मी कधी करणार नाही. पण मुकादम माणूस न्यायच्या आधी त्याच्या हातावर पैसे ठेवतो. तुम्ही ज्याला न्यायचं त्याच्याकडूनच उचल घेतलीत. मुकादमाला टोळी पळाली तर नुकसान सोसावं लागतं. तुमचं नुकसान कुठं होतं? पोरगं मेलं असतं तरी तुमचा हिशेब पूर्ण झालेला होता.

दुसरी एक गोष्ट मला जास्त लागते. माझ्या मित्राचा मुलगा पुण्यात हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. त्याला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं, तेव्हा वकील कंपनीचा, अर्जाची फी कंपनीची. त्या फीतला ठराविक भाग कर्मचाऱ्याकडून घ्यायलाच तिकडच्या कायद्यानं बंदी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एचवन-बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले, तेव्हाही ते मागितले गेले मालकाकडं. अमेरिकेत भेटीच्या व्हिसावर कामं करून घेतल्याचा आरोप इन्फोसिसवर झाला होता. कंपनीनं तो मान्य केला नाही, पण ऑक्टोबर २०१३ मधल्या तडजोडीत ३ कोटी ४० लाख डॉलर भरले. जाब विचारला गेला तो कंपनीला. शिकलेल्या पोराच्या पाठीशी कंपनी, वकील, कायदा उभा राहतो. फरशी बसवणाऱ्या पोराच्या पाठीशी त्याची आई उभी राहिली, आणि तिलाच तुम्ही लुटलंत. तो जिथं राबला तिथंही आता भेटीच्या व्हिसावर कामाला ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे, ऑगस्ट २०२४ पासून. तुम्ही त्या देशाचा कायदा मोडलात, या देशाचा मोडलात, आणि दोन्हीकडं खोटं ठरलं ते पोरगं.

परदेशी जाऊ नये असं मी कुणाला सांगत नाही. पावसावर सोयाबीन आणि सोयाबीनवर घर, अशा गावातल्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू? जावं, पण स्वतःच्या नावाच्या कागदावर जावं. आता माझ्या केंद्रात कुणी पासपोर्टसाठी आलं की मी विचारतो, कुणाच्या भरवशावर चाललास. एजंटाचा नोंदणी क्रमांक त्याच्यासमोरच शोधतो. १८०० ११ ३०९० हा सरकारी मदतीचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाय. गेल्या महिन्यात दोघांनी तुमचंच नाव सांगितलं, साहेब. दोघांनाही मी ते डायरीचं पान दाखवलं.

भाच्याला पुन्हा जायचंय. परवा त्यानं एका नोंदणीकृत एजंटाकडून आलेला करार आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "मामा, एकेक ओळ वाचून दाव," म्हणाला. आम्ही रात्री साडेअकरापर्यंत वाचत बसलो.

बोरमाळ अजून सराफाकडंच आहे. व्याज धरून आता अठ्ठ्याहत्तर हजार झालेत आणि सराफानं पाडव्यापर्यंतची मुदत दिलीय. पोलिसांचं आणि कोर्टाचं जे व्हायचं ते होईल, ते मी सोडणार नाही. पण पैसे तुम्ही त्याआधी स्वतः नेऊन द्या. घर तुम्हाला माहीत आहे. खाट तिथंच आहे.

भाच्याचा मामा,
उमरगा