दाजी, एकदा पत्ते बघा

रा. रा. दाजी यांसी,
सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितोय, कारण बंद पाकीट हाती दिलं तर तुम्ही ते न उघडताच मांडीखाली सरकवाल आणि म्हणाल, "ब्लाइंड!"

पाडव्याच्या रात्री आमच्या माडीवर तुम्ही जे शौर्य गाजवलंत, त्याबद्दल प्रथम घराण्याच्या वतीने आभार. दिवाळीत द्यूत खेळायची चाल आमची आम्ही काढलेली नाही. प्रतिपदेला साक्षात शंकर-पार्वती सारीपाटावर बसले, अशी कथा आहे आणि वेरूळच्या लेण्यांत तो डाव दगडात कोरलेलाही आहे. मात्र त्या शिल्पात दोघांपैकी कोणी दुसऱ्याला "काय हो, घाबरलात?" असं विचारत असेलसं वाटत नाही.

आमच्याकडे आजोबांच्या काळी चिंचोक्यांवर तीन पत्ती चालायची. आता बूट, म्हणजे डावाआधी प्रत्येकाने टाकायचा वाटा, पाच रुपयांचा. हेतू एवढाच की रात्र जागवावी, चिवडा संपावा आणि काकांनी तीच ती किलवरच्या गुलामाची गोष्ट पुन्हा सांगावी. तुम्ही आलात आणि गोष्ट बंद झाली. पानं वाटून होतात न होतात तोच दहा रुपये ब्लाइंड. फिरून पाळी आली की वीस. मग चाळीस. पत्ते उताणे करून बघण्याचा कमीपणा तुम्ही घेत नाही. बघितलेल्याला दुप्पट मोजावे लागतात, म्हणजे तुमच्या चाळिसाला आमचे ऐंशी. वहिनींनी राजांची जोडी खाली ठेवली. मी तर अठ्ठ्यांची जोडी दोनदा पॅक केली आणि दोन्ही वेळा, काहीच नव्हतं अशा चेहऱ्याने, चकली घेतली.

तुम्ही याला 'डेअरिंग' म्हणता. या डेअरिंगची तालीम कुठे झाली, हे ताईने सांगितलंय. फोनवर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदी घालणारा कायदा केला आणि दोन महिन्यांत ती सगळी साठलेली मर्दुमकी आमच्या सतरंजीवर येऊन सांडली. एक माणूस वाचला म्हणून देशाने सुटकेचा नि:श्वास टाकला असेल, पण काका अजून धापा टाकताहेत.

आता तुमच्या शौर्याचा खर्च कोण उचलतं ते बघू. पहिला वाटा खेळाच्या नियमाचा: ब्लाइंडला अर्धा भाव. तुम्ही पन्नास टक्के सवलतीत वाघ होता. दुसरा वाटाही नियमाचाच: ब्लाइंड माणसाकडे साइड शो, म्हणजे दोघांतच पानं ताडून बघणं, मागता येत नाही, आणि शो मागायला दोघेच उरावे लागतात. त्यामुळे 'बघू तरी' म्हणत काका तिसरे म्हणून रेंगाळतात तोवर तुम्हाला अभय. तिसरा वाटा सगळ्यांत मोठा आणि तो कुठल्याच नियमात लिहिलेला नाही. तुम्ही जावई आहात. जावयाचे पत्ते उघडायला लावायचे म्हणजे ताटातली पुरणपोळी मोजण्यासारखं. तुम्ही समजत होता की सासुरवाडी तुमच्या पानांना घाबरते. सासुरवाडी ताईला घाबरत होती.

मग साडेअकराला आत्या बसली. तुमची आत्येसासू म्हणजे पतपेढीत तीस वर्षं रोखपाल. तिला धाडस या शब्दाचा अर्थ विचारलात तर ती आधी व्हाउचर मागेल. तो डाव तुम्हाला आठवतो? आठवत नसेलच. तुम्ही पानं बघितली नव्हतीत. सहा जणांचा बूट तीस. तुमचे दहा, वीस, चाळीस. आत्याचे वीस आणि चाळीस. मी वीस भरून पळालो, काकांनी साठ घालवले. थाळ्यात दोनशेचाळीस, समोर तुम्ही, आणि आत्याच्या हातात राणी, नव्वी, चौकी. रंगही एक नाही. या पानांवर आमच्यापैकी कोणीही दिवाळीच्या शुभेच्छा देऊन उठलं असतं. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, ऐंशी रुपये मोजून थाळ्यात ठेवले, वरचं दहाचं नाणं पुन्हा तपासलं आणि म्हणाली, "शो."

तुमचं निघालं गुलाम, सत्ती, दुर्री.

"लक आहे!" तुम्ही म्हणालात. दाजी, इथेच आपला मतभेद सुरू होतो. दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन मी हिशेब मांडला. बावन्न पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यातले 16,440 हात असे की ज्यांत जोडी नाही, कलर नाही, सिक्वेन्स नाही, काही म्हणजे काही नाही. चारांतले जवळजवळ तीन. म्हणजे न बघता तुम्ही जे चाळीस रुपये रुबाबात फेकता, ते बहुतेक वेळा गुलाम-सत्ती-दुर्रीच्या जिवावर. नुसता एक्का हातात असला तरी न बघितलेल्या पानांपुढे तो शंभरांत किमान सत्तावन्न वेळा टिकतो. दुर्रीची जोडी शंभरांत चौऱ्याहत्तर वेळा. हो, दुर्रीची. मी ज्या अठ्ठ्या टाकल्या त्यांची आठवण आता काढवत नाही. आणि आत्याची राणी? शंभरांत साधारण छत्तीस वेळा. दोनशेचाळीस मिळवायला ऐंशी लावायचे, तर चारांत एकदा जिंकलं तरी बरोबरी होते. आत्या छत्तीस टक्क्यांना पंचवीसच्या भावात विकत घेत होती. तिने हा आकडा मांडला होता का, असं विचारलं तर म्हणाली, "आकडा कशाला? न मोजता भरणा करणारा माणूस मी ओळखते."

भाचीने आणखी एक शोध लावला. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, 22,100 मध्ये 52, म्हणजे सव्वाचारशे हातांत एक. आपण रात्रीत फार तर सव्वाशे डाव खेळतो. म्हणजे खरी ट्रेल तुमच्या वाट्याला तीन-साडेतीन दिवाळ्यांतून एकदा यायची. पाडव्याला भुवई उडवून "तीन सारखी आहेत बरं का" हे तुम्ही चार वेळा सुचवलंत. आमचा हात दाखवणारा ज्योतिषीही इतकं धाडस करत नाही.

थाप मारणं पाप आहे असं माझं म्हणणं नाही. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी 1944 साली खेळांच्या गणितावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात पोकर आहे आणि थापेला गणिताने मानाचा पाट दिलेला आहे. कधीच थाप न मारणाऱ्या माझ्यासारख्याला चांगली पानं आली की सगळं घर पॅक करतं, हेही खरंच. तिथे मी तुमच्याहून मोठा गाढव. पण थापेला किंमत येते ती समोरच्याला खात्री नसते म्हणून. तुमच्या बाबतीत आता लहान मुलांनाही खात्री आहे. शिवाय खरंच पानं लागली की तुम्ही एकदम सभ्य होता. आवाज उतरतो, चिवड्याची बशी पुढे सरकवून "घ्या ना काका" म्हणता. परवा तुम्ही असे सभ्य झालात त्या दोन्ही वेळा आत्याने निमूट पॅक केलं. तुमच्या लक्षात आलं नसेल, तुम्ही तेव्हा तिच्याकडे बघत नव्हता.

चार फेऱ्यांनंतर ब्लाइंड बंद, पत्ते बघायलाच हवेत, असा नियम करावा असं वहिनींनी सुचवलं. बऱ्याच घरांत तो असतो. आम्ही मतदान घेतलं. आत्याने ठाम विरोध केला. तुम्ही आहात तसेच राहावं, अशी तिची मनापासून इच्छा आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.
आपला मेहुणा

ता. क. तुळशीच्या लग्नाला यायचंच आहे. तुमच्यानंतर लगेच पाळी येते ती जागा मी मागितली होती. तिथे आत्याची उशी आधीच ठेवलेली आहे. येताना सुटे आणा. "जावईबापू कधी यायचेत?" असं ती दोनदा विचारून गेली.