वाटी कुणाची?

महाडच्या बाजारात एखाद्या जुन्याजाणत्या माणसाला विचारून पाहा, पायली म्हणजे किती किलो? तो उत्तर देण्याआधी उलट विचारील, "कशाची?" त्याचं बरोबरच आहे. तांदळाची पायली खांदा वाकवते आणि पोह्यांची पायली पोरानेही उड्या मारत घरी न्यावी. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, असा हा हिशेब. त्यात शेरही दोन, एक मापी आणि एक वजनी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. मापी शेरात काय भरलंय त्यावर सगळं. शिवाय माप शिगेचं की सपाट, यावरून खळ्यावर भांडणं व्हायची ती वेगळीच. १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ पासून आलेल्या किलोने दुकानातला हा घोळ मिटवला.

स्वयंपाकघरापर्यंत मात्र तो कायदा पोचला नाही. तिथे वाटीचं राज्य. तशी आपल्याकडे नवी सून घरात येते तीच उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडून. पुढचा सगळा संसार अंदाजपंचे होणार, याची सूचना आधीच मिळालेली असते.

पोलादपूरच्या आमच्या काकूंची नात गणपतीला पुण्याहून आली. वरंध घाट बंद, म्हणून ताम्हिणीतून वळसा घालून. आणि पिशवीत इलेक्ट्रॉनिक काटा. आजीचे मोदक ग्रॅममध्ये लिहून न्यायचे होते. काकूंनी सांगितलं, "वाटीभर पाण्याला वाटीभर पिठी." नातीने वाटीत पाणी भरून तोललं. वाटीचं वजन वजा जाता १५० ग्रॅम. मग पिठीही १५० ग्रॅम घेतली. उकड अशी झाली, की पारी वळायला गेलं की भेगा. काकू म्हणाल्या, "हे मोदक आहेत का उन्हाळ्यातली शेतं?"

वाटीभर पाणी १५० ग्रॅम भरलं तरी तीच वाटीभर तांदळाची पिठी जेमतेम १०० ग्रॅम भरते. चाळून सैल घातली तर त्याहून कमी, दाबून भरली तर जास्त. तेलसुद्धा पाण्यापेक्षा हलकं. पिशवीवर एक लिटरसमोर ९१० ग्रॅम छापलेलं असतं, आपण वाचत नाही इतकंच. नातीने गणित दुरुस्त केलं. तरी काकूंचं शेपूट होतंच: पिठी नव्या तांदळाची असेल तर पाणी जरा कमी घालायचं. हा 'जरा' कोणत्याच काट्यावर येत नाही.

"पण आजी, वाटी कुठली घ्यायची?"

"कुठलीही घे. दोन्हीला तीच घे म्हणजे झालं."

यावर वाद घालायला मला तरी जागा दिसली नाही. वाटी छोटी असली तर मोदक कमी होतील, बिघडणार नाहीत. आणि किलोचा तोरा तरी कुणी मिरवावा? १८८९ पासून तोही पॅरिसजवळ कडीकुलपात ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळाच होता, म्हणजे जगाची सामाईक वाटी. शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्याच नकलांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. शेवटी २०१९ मध्ये ठोकळा बाजूला ठेवून किलोची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावर बांधावी लागली. काकूंची पितळी वाटी दोन ठिकाणी चेपलीय, पण तिच्यासाठी अजून कुणाला परिषद भरवावी लागलेली नाही.

दुसरी उकड छान जमली. तेव्हा काकूंनाच काट्याची गंमत वाटू लागली. नारळाचा चव तोलला, गूळ तोलला, वेलदोडेसुद्धा तोलले. मग चिमूटभर मीठ वर टाकलं. काटा शून्यावरच. पुन्हा एक चिमूट. शून्य.

"मिठाचं काय लिहू?" नातीने विचारलं.

"शून्य लिही," काकू म्हणाल्या, "आणि घाल."