छापील किमतीस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती कमाल किरकोळ किंमत ऊर्फ एमआरपी,
मुक्काम पाकिटाच्या पाठीवर, घडीच्या आत, पुसट शाईत.

सा. न. वि. वि.

1990 साली सगळे कर पोटात घेऊन तुम्ही पाकिटांवर विराजमान झालात, तेव्हा आम्हांला वाटलं, वाली मिळाला. 2011 च्या वैधमापन नियमांनी तर तुमच्याहून एक पैसाही जास्त घ्यायला दुकानदाराला मनाई केली. तुम्ही स्वतः किती चढायचं, हे मात्र काही औषधांसारखे अपवाद सोडले तर कंपनीच ठरवते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसलं काही आम्ही म्हणणार नाही.

कारखान्याचा भाव आणि तुम्ही, यांच्यामध्ये वितरक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांचं मार्जिन बसवायचं असतं. ज्या मालात ते जास्त, तो काउंटरवर पुढे. तरीही जागा उरली, तर तिथे ‘पन्नास टक्के सूट’ बसते. आधी तुम्ही चढायचं, मग उतरायचं, आणि आम्ही धन्य व्हायचं.

आमच्या भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी घडतात. घाऊकात ती किलोच्या भावाने जातात. तोच डबा खोक्यात बसला, खोक्यावर तुम्ही बसलात, की वजन विचारणारा गावंढळ ठरतो. उत्तनची मासळी विकणाऱ्या मावशीच्या पाटीत तुम्हांला थारा नाही. ती भाव चढा सांगते, आम्ही पाडून मागतो, मध्ये कुठेतरी सौदा पटतो. नफा तीही घेते. पण त्याला सूट म्हणत नाही.

इतकं करून तुमचाही मान राहत नाही, याचं वाईट वाटतं. गार दुधाच्या पिशवीवर दोन रुपये वर द्यावे लागतात. का? ‘भाऊ, फ्रिजला लाईट लागते.’ हॉटेलात तर तुम्ही शोभेपुरत्याच. तिथे बाटलीबंद पाणी तुमच्याहून महाग विकता येतं, असं डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं. पाण्याबरोबर खुर्ची मिळते ना!

नफ्याला आमची ना नाही. गाळ्याचं भाडं, हमाली, नोकरांचे पगार आकाशातून पडत नाहीत. पण तुमच्या चढउताराचा खेळ आता पुरे. यापुढे आम्ही सुटीचा आकडा सोडून तुमच्या शेजारचा ग्रॅममागचा दर वाचू. वरचे दोन रुपये मागणाऱ्याकडे बिल मागू आणि त्याने दिलंच, तर थेट वैधमापन विभागाकडे धाडू.

आपलं नम्र,
मिरा रोडचं एक गिऱ्हाईक