गीझरचा मुतखडा

पुण्याच्या उपनगरांत फ्लॅट कोटीचा, पाणी मात्र बोअरचं किंवा टँकरचं. माणसांसाठी आरओ असतो. गीझरला कोण विचारतो? त्याने निमूट तेच जड पाणी तापवायचं. तापलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि कॉइलच्या आत थर धरतं. थोडक्यात, गीझरला मुतखडा होतो. धार बारीक होते, बिल नाही.

उपाय सोपा, म्हणूनच कुणी करत नाही. गॅस-वीज बंद, पाण्याचे दोन्ही कॉक बंद, बादलीत पांढरं व्हिनेगर, छोटा पंप, दोन नळ्या. तासभर फिरवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. बुडबुडे आले की क्षार सुटतोय. पण व्हिनेगर चायनीजवर घालायचं असतं, ही आपली पक्की समजूत. मग मेकॅनिक येतो, ॲसिड ओततो. क्षार जातो, पाठोपाठ थोडं तांबंही. ‘कॉइल गेली, साहेब’ हे निदान त्याने जिन्यातच केलेलं असतं.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. सोसायटीच्या सभेत हा विषय निघत नाही. तिथे अजेंडा लॉबीतल्या कारंज्याचा. त्यालाही टँकरचंच पाणी.