दोनशेवाले

आमच्या इमारतीच्या वॉचमनने त्यांचं बारसं केलं. एका शनिवारी रात्री हे गृहस्थ खाली आले आणि म्हणाले, "उद्या पहाटे साडेचारला गेट उघडं ठेव. दोनशे आहेत." वॉचमनने हात पुढे केला. अवेळी गेट उघडण्याचे दोनशे, हा दर त्याला रास्तच वाटला असणार. दोनशे म्हणजे किलोमीटर, ते एका दिवसात सायकलवरून कापायचे, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत, उलट आपणच भरायचे, हा खुलासा झाल्यावर तो हात मागे गेला आणि कपाळाला लागला. तेव्हापासून विरार पूर्वेचं अख्खं चंदनसार त्यांना दोनशेवाले म्हणतं.

वय चव्वेचाळीस. नोकरी अंधेरीला, हिशेब खात्यात. पोट सायकलच्या आधीपासूनचं, आणि ते सायकलला दाद देत नाही. २०२० साली लोकल बंद झाल्या तेव्हा ऑफिसला जायला म्हणून यांनी सायकलची ऑर्डर दिली. त्या वर्षी सायकलींना तांदळासारखी मागणी होती. नंबर लागून सायकल घरी येईपर्यंत लोकल सुरू झाल्या. आता एवढ्या किमतीची वस्तू नुसती गॅलरीत उभी ठेवणं हिशेबनिसाला कसं पटावं? तिच्यासाठी काम शोधणं आलं. सायकलला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. पहिल्याच दिवशी दूधवाल्याने निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाकीची कधी येणार?"

काम सापडलं ते ब्रेव्हेचं. हा फ्रेंच शब्द दोनशेवाल्यांच्या आई 'बेरवे' असा उच्चारतात, त्यामुळे तो वाडवळांच्या एखाद्या आडनावासारखा वाटतो. प्रकार असा: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. एकाच हंगामात चारही केले की 'सुपर रँदोनर' ही पदवी. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. मान्यता थेट पॅरिसच्या एका जुन्या क्लबाची, १९०४ सालच्या. ही शर्यत नव्हे, म्हणजे पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत पोचला तो पास. पदक हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे.

"कितवा आलास?" पहिल्या वेळी आईंनी विचारलं.

"यात नंबर नसतो गं."

"मग एवढ्या लांब कशाला गेलास?"

या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही. मला विचाराल तर मी छत्तीस वर्षं विरार-चर्चगेट केलं. जायचे साठ, यायचे साठ. दोन दिवसांत दोनशेचाळीस, तेही बहुतेक एका पायावर, आणि दुसऱ्याची बॅग छातीशी. माझ्या कार्डावर कुणी शिक्का मारला नाही. पण दोनशेवाल्यांसमोर हे बोलायची सोय नाही. ते लगेच नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंवर येतात. हितेंद्र आणि महेंद्र महाजन, दोघा भावांनी मिळून २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' पुरी केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. ही माहिती ते अशा सुरात देतात की वाटावं, महाजन त्यांचे मामेभाऊ आणि निघताना चहाला चंदनसारला थांबले होते.

तरीही सांगतो, दोनशेवाल्यांची खरी गंमत सायकल चालवण्यात नाही. ती निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत आहे. सायकल रस्त्यावर साडेतेरा तास असते. तयारी तीनशेसाठ तास चालते, आणि तिला कुणी मुदत घालून दिलेली नाही.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. आमच्याकडे या दिवसांना धड नाव नाही. ऑक्टोबरचं ऊन मुक्काम हलवत नाही, परतीचा पाऊस निरोप घेऊन पुन्हा छत्री विसरल्यासारखा परत येतो, आणि पहाटे पाचला चादर ओढावीशी वाटते. माणसाने काय घालावं? साधा माणूस शर्ट घालतो. दोनशेवाले पाच ॲप बघतात. एकात रविवारी ऊन, दुसऱ्यात दुपारी चारला गडगडाट, तिसऱ्यात पावसाची शक्यता चाळीस टक्के. चाळीस टक्के म्हणजे नेमकं काय, यावर ते आणि मी जिन्यात पाऊण तास उभे होतो. माझं म्हणणं, पाऊस पडेल किंवा पडणार नाही. त्यांचं म्हणणं, असं म्हणून शास्त्र पुढे जात नाही. हवामान खात्याने पालघर जिल्ह्याला पिवळा इशारा दिला, तेव्हा ते जवळजवळ खूश झाले. निदान कुणीतरी रंग तरी निश्चित केला.

"काका, वारा समजून घ्या," ते मला म्हणाले. "सकाळी जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे मतलई. दुपारी समुद्राकडून जमिनीवर, म्हणजे खारे. आपण उत्तरेला तलासरीकडे जाणार, दुपारी परत फिरणार. परतताना वायव्येचा वारा पाठीवर." शाळेतला भूगोल चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणाच्या उपयोगी पडलेला मी प्रथमच पाहिला.

आईंचं हवामान खातं स्वतंत्र आहे. ते भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं. "स्वाती चाललंय," त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या. "वाहन म्हैस. म्हैस पाण्यात बसल्याशिवाय राहत नाही. तू जॅकेट घे." दोनशेवाल्यांनी तुच्छतेने मान हलवली आणि जॅकेट घेतलं. शिवाय त्यांच्याकडे आपला दाखला होताच: फयान वादळही नोव्हेंबरातच आलं होतं, ११ तारखेला, २००९ साली. गॅलरीत त्या दिवसांत मायलेक दोघेही आभाळाकडे बघत उभे असत. आईंचं माहेर आगाशीचं, आणि भाऊ अजून सुकेळी करतो. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची तर आठ-दहा दिवस कडक ऊन लागतं. एक ढग फिरला की केळं काळवंडतं. जीवदानीच्या डोंगरावर ढग टेकला की दोघांच्याही तोंडून एकाच वेळी सुस्कारा निघे. एकाला चेनची काळजी, दुसरीला केळ्यांची.

चेनचं प्रकरण तर सांगायलाच हवं. तिला कोरडं तेल लावायचं की ओलं, हा पेच तीन दिवस चालला. तेल कोरडंही असतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. कोरड्याला धूळ चिकटत नाही, पण पहिल्या सरीत ते धुऊन जातं. ओलं पावसात टिकतं, पण धूळ अशी धरतं की चेनची वात होते. शेवटी दोनशेवाले स्टेशनजवळच्या सायकलवाल्याकडे गेले. त्याने दोन्ही बाटल्या हातात घेतल्या, उन्हात धरल्या, परत दिल्या आणि म्हणाला, "साहेब, चंदनसारच्या रस्त्याला दोन्ही लावा. डंपर गेला की धूळ, टँकर गेला की चिखल."

शुक्रवारी सामान पलंगावर मांडलं गेलं. मी मुद्दाम बघायला गेलो; मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी मांडणी होती. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार उपटायला भुवया कोरायचा चिमटा. हायवेवर सायकलचा खरा शत्रू ती तार, हे मात्र खरं. पुढचा दिवा, मागचा दिवा, आणि त्या दिव्यांसाठी बॅटरी. चमकणारं जाकीट, ज्यात ते महापालिकेच्या रात्रपाळीवर असल्यासारखे दिसतात. पावसाचं जॅकेट. वाऱ्याचं जॅकेट. उन्हासाठी सुट्या बाह्या. हेल्मेटवर चढवायला हॉटेलातल्या आंघोळीच्या टोप्या, ज्या त्यांनी महाबळेश्वरच्या सहलीत जमवल्या होत्या. कार्ड भिजू नये म्हणून धुतलेली दुधाची पिशवी. एकशेवीस रुपयांना एक अशा चिकट खाण्याच्या सहा पुड्या. आणि छातीवर, जर्सीच्या आत घालायला वर्तमानपत्र. पहाटेचा वारा अडवायची ही जुनी युरोपी युक्ती.

"सगळं नेणार?" मी विचारलं.

"काका, हवामान बदलतं असेल तर पर्याय हवेत."

पर्यायांचं वजन साडेपाच किलो भरलं. गेले सहा महिने दोन किलो उतरवण्यासाठी ते रात्री भात खात नव्हते.

सुरुवात घोडबंदरच्या बाजूला, सकाळी सहाला. चंदनसारहून तिथपर्यंत सायकल मेहुण्याच्या टेम्पोतून गेली. पंचवीस किलोमीटर आधीच चालवून दम का घालवायचा, हा युक्तिवाद मला पटला. सहाला तिथून निघून सातच्या सुमाराला ते पुन्हा विरार फाट्यावरच येणार होते, हे तेवढं पटवून घेता आलं नाही.

आईंनी मला सहाला उठवलं. "चला, फाट्यावर. पोरगं रिकाम्या पोटी गेलंय." आम्ही रिक्षाने गेलो. आईंच्या हातात स्टीलचा डबा, आत घावनं, वर केळीच्या वाळल्या सोपटात बांधलेली सुकेळी. सव्वासातला महामार्गावर लांबून पिवळं-हिरवं काहीतरी चमकत आलं. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि दोनशेवाल्यांच्या अंगावर तीन थर. चेहरा उकडलेल्या बिटासारखा.

आईंनी डबा पुढे केला. दोनशेवाल्यांचा वेग क्षणभर कमी झाला. नजर डब्यावर गेली, सोपटावर थांबली. मग ते ओरडले, "नियम आहे आई! शिक्क्याच्या ठिकाणाशिवाय घरच्यांची मदत घेता येत नाही!" आणि गेले.

आई हात पुढे तसाच ठेवून उभ्या. "कसला नियम? आईच्या हातचं खायचं नाही असा?"

मी समजावलं. दुकानातून विकत घेतलेलं चालतं, घरच्यांनी आणून दिलेलं चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीकडे वळल्या. टपरीवाल्याशी त्या हळू आवाजात बरंच बोलल्या. मग डबा काउंटरवर गेला, क्रीमरोलच्या बरणीशेजारी.

पुढची हकीगत त्यांच्याच तोंडून. चारोटीला पोचेपर्यंत ऊन इतकं कडक झालं की तिन्ही थर पिशवीत गेले, अगदी तळाशी. तलासरीकडून परतताना वारा पाठीवर यायचा होता. आला तो समोरून. दक्षिणेकडे ढग उठला होता आणि आपला वारा पुढे ढकलत होता. या ढगाने भूगोल वाचलेला नसावा. मनोरच्या अलीकडे सर आली. सायकल बाजूला घेतली, पिशवी उघडली. ट्यूब, चिमटा, बॅटरी, टोप्या, पुड्या, वाऱ्याचं जॅकेट, असं एकेक रस्त्याकडेला मांडत तळाचं पावसाचं जॅकेट हाती लागलं, एक हात बाहीत गेला, आणि पाऊस थांबला. पण काढलंच आहे तर घालावं म्हणून घातलं. लगेच ऊन पडलं. पावसाने भिजायचे राहिले होते तेवढे घामाने भिजले. छातीवरच्या वर्तमानपत्राचा लगदा झाला. शिल्लक राहिलेल्या तुकड्यावर एवढंच वाचता येत होतं: हवामान कोरडे राहील.

साडेपाचला ते विरार फाट्यावर आले. मी संध्याकाळचा फेरफटका म्हणून, म्हणजे खोटं कशाला बोला, बघायलाच, टपरीवर बसलो होतो. आई आतल्या बाकावर, खांबाआड. दोनशेवाल्यांनी सायकल खांबाला टेकवली. पाय सायकल आहे असं समजून अजून वर्तुळात फिरू पाहत होते. चिकट पुड्यांपैकी चार संपल्या होत्या आणि त्यांचं नाव काढलं तरी मळमळत होतं.

"खायला काय आहे?"

"क्रीमरोल. खारी. आणि हे," टपरीवाल्याने डबा उघडला. "सुकेळी. वीस रुपये."

त्यांनी सोपट ओळखलं. बांधायची पद्धत ओळखली. खांबाआडची साडीही ओळखली असणार. पण नियम तो नियम; त्यांनी मोबाइल काढला, वीस रुपये स्कॅन केले, टपरीवरच्या खोक्यातून आवाज आला, वीस रुपये प्राप्त झाले, आणि मग त्यांनी बाकावर बसून पाच सुकेळी एका दमात खाल्ली. बोटं चाटली. कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्याने रात्री ते वीस रुपये आईंना परत द्यायचा प्रयत्न केला. त्यांनी घेतले नाहीत. "विकलंय ते," म्हणाल्या.

शेवटचा शिक्का तेरा तास अकरा मिनिटांनी पडला. मुदतीच्या एकोणीस मिनिटं आधी. रात्री वॉचमनने गेट उघडलं आणि आपणहून सलाम केला.

आता त्यांच्या डोक्यात २०२७ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे. १८९१ साली सुरू झालेली, चार वर्षांतून एकदा होणारी, बाराशे किलोमीटर, मुदत जास्तीत जास्त नव्वद तास. तिथे पाऊस, थंडी, ऊन एकाच दिवसात होतं म्हणे. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाने. नवीन दोन जॅकेट मागवलीत, एक सहावं ॲप घेतलंय. आईंनी भावाला फोन करून पुढच्या खेपेची सुकेळी राखून ठेवायला सांगितली आहेत.

त्याआधी तीनशेची ब्रेव्हे आहे, वीस तासांची, म्हणजे रात्रीचे कपडे वेगळे. त्यांची गॅलरी भरली. माझीही भरली, माझ्या वाळत घालायच्या दोरीवर सध्या दोन रेनकोट आणि चार टोप्या आहेत. विरार पूर्वेला कुणाची कोरडी गॅलरी रिकामी असेल तर कृपया कळवा. भाडं आई देतील, सुकेळ्यांत.