पुलेशु, पुभाप्र

पावसाळा लागला की आमचं जव्हार दोन ठिकाणी हिरवं होतं: इथे, आणि मराठी संकेतस्थळांवर. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवारी येतात, दाभोसा, हनुमान पॉइंट, राजवाडा उरकतात आणि सोमवारी ऐन कचेरीच्या वेळात 'पावसातलं जव्हार: भाग १' टाकतात. भाग २ सहसा येत नाही. तरी खाली 'पुभाप्र'ची रांग लागते, म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. कुणी 'पुलेशु' म्हणतं. पुढील लेखनास शुभेच्छा द्यायच्या, पण हात आखडूनच.

एकदा एका लेखात 'निसर्गाने अंथरलेला गालिचा' म्हणून फोटो आला. ती नागली होती. कुणीतरी भर पावसात, चिखलात दिवसभर वाकून लावलेली. मी तसं नम्रपणे कळवलं. लेखकाने आभार मानले. मग एकीने भाकरीबद्दल विचारलं, टोरंटोच्या ताईंनी उकड काढा म्हणून सांगितलं, नाशिकच्या काकूंनी उकडीवर हरकत घेतली. धागा दुसऱ्या पानावर गेला तेव्हा दाभोशाचं नावही कुणी काढत नव्हतं.

पूर्वी रोजनिशी ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी असे. कुणी वाचली तर भांडण होई. आता कुणी वाचली नाही तर माणूस रुसतो. १९९६ साली अमेरिकेतून 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झालं, पुढे २००४ साली 'मनोगत', २००७ साली 'मिसळपाव', २०११ साली 'ऐसी अक्षरे'. चार मराठी माणसं जमली की नवी संस्था निघणारच. इथे निदान जागेचं भाडं नव्हतं.

प्रतिसादाचं गणित मात्र थेट लग्नातल्या आहेराचं. तुम्ही माझ्या कवितेला 'छान' म्हणालात, आता तुमच्या गझलेला 'वाह' म्हणणं मला भाग आहे. वही कुणी ठेवत नाही, पण कुणी विसरतही नाही. मला यात खोटेपणा दिसत नाही. गझल वाचावी तर लागतेच.

मायबोलीकरांचा वर्षाविहार असतो, लाडाने 'ववि'. महिनोन्‌महिने तावातावाने वाद घातलेली माणसं तिथे एकमेकांना भजी वाढतात. अशा भेटींत खरं नाव विचारायचं राहूनच जातं आणि फोनमध्ये आयडीच साठवला जातो. मग घरात चौकशी सुरू होते: हा 'खवट नारळ' कोण, आणि रात्री अकराला त्याचं काय काम असतं?