मोटर बंद केली का?

गेल्या तीन वर्षांत माझ्या मुलानं मला चार भाषांतून नकार दिला आहे. सुरुवात साध्या मराठी 'नको'नं झाली. मग गल्लीतल्या दोस्तांकडून उचललेलं दख्खनी 'नक्को' आलं, त्यामागून शाळेतलं कन्नड 'ब्याड', आणि आता वर्गात जहीराबादकडचं कोणी आलं असावं, परवापासून तेलुगू 'वद्दु'. पुण्यातल्या बापाला एकाच भाषेत हाकलतात. बिदरच्या नौबादमध्ये अपमानसुद्धा बहुभाषिक असतो. मी भाषेचा माणूस. त्यामुळे 'नक्को' ऐकल्यावर दुखावायचं सोडून मी त्याला समजावू लागलो, की बाळा, दख्खनीतलं हे 'नक्को' आपल्या 'नको'वरूनच गेलेलं आहे. तो म्हणाला, "मग दोन्ही धरा, अप्पा."

नाकारला जातो तो झोपतानाचा कपाळावरचा मुका. एवढाच. त्याच्या अलीकडे गोष्ट आणि पलीकडे पाठीवर थोपटणं होतं, पण ते आधीच बंद पडलं. आता कपाळही हातचं गेलं.

मी कर्नाटकात मराठी शिकवतो, म्हणजे माझं ऐकून घ्यायला माणसं मुळातच कमी. वर्गात चाळीस मुलं असली तर नऊ जागी असतात. घरी मात्र एक हक्काचा श्रोता होता. तो अंथरुणात, दिवा मालवलेला, दाराच्या बाजूला मी. पळून जाण्याची सोय नाही. अशा परिस्थितीत कोणालाही आपण थोर गोष्टीवेल्हाळ आहोत असं वाटेल. मला चार वर्षं वाटत होतं.

गोष्ट एकच होती, आपल्या करेजची. इथं मला थोडं पसरू द्या, कारण या विषयावर बोलायला घरात मला आता बंदी आहे. बिदरचं पठार म्हणजे खाली काळा बसाल्ट आणि वर जांभ्याची टोपी. जांभा पाणी पितो, बसाल्ट पीत नाही. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत उतरतं आणि बसाल्टच्या डोक्यावर येऊन अडतं. पंधराव्या शतकात बहमनींनी गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणली, त्यानंतर कोणा जाणत्यानं हे अडलेलं पाणी इराणी पद्धतीनं बाहेर काढलं. वरच्या अंगाला उगमाची विहीर खणायची. तिथून जमिनीच्या पोटातून बोगदा काढायचा, त्याला अगदी किंचित उतार द्यायचा. मध्ये मध्ये हवेसाठी, उजेडासाठी आणि गाळ उपसायला उभे झरोके सोडायचे. मग पाणी आपल्या पायांनी चालत येतं. बैल नको, मोट नको, वीज नको. नौबादची करेज अशी सुमारे तीन किलोमीटर चालते. तिच्या झरोक्यांवर मोजणाऱ्यांचं एकमत नाही. कोणी 21 सांगतं, कोणी 27. मी गोष्टीसाठी 27 धरले, सहा रात्री जास्त मिळत होत्या.

2015 च्या सुमाराला करेजचा गाळ काढायला सुरुवात झाली तेव्हा पोरगा पाच वर्षांचा होता. मी त्याला खांद्यावर बसवून बघायला नेलं आणि त्या रात्रीपासून आमचा कंदील्या जन्माला आला. कंदील्या रोज एका झरोक्यातून दोर सोडून खाली उतरे. तिसऱ्या झरोक्यात उलटं लटकून पाढे शिकवणारं वटवाघूळ होतं. सातव्यात एक म्हातारी बोगद्यातल्या पाण्याला झोपवायची. नवव्यात खुद्द बहमनींचा वजीर महमूद गवान बसलेला असे, 1472 साली बांधलेल्या आपल्या मदरशाचं हजेरीपुस्तक शोधत. सत्तावीस रात्री संपल्या तसा कंदील्या उलटा निघाला. मग पुन्हा सुलटा. असा तो चार वर्षं येजा करत होता.

गवानाचा 1481 साली खोट्या पत्रापायी शिरच्छेद झाला, एवढं मात्र मी सांगितलं नव्हतं. झोपायच्या वेळेला कोण सांगेल? ते त्यानं पुढे कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि पुस्तक घेऊनच माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "अप्पा, मग तुमच्या गोष्टीत हा जिवंत कसा?" मी म्हटलं, "झरोक्यात लपलाय ना तो. वरच्यांना कुठं माहिती आहे?" त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मोठी माणसं लहान मुलाकडे बघतात तसं. करेज तिथंच संपली.

खरं तर तो तिसऱ्याच मिनिटाला झोपायचा. झरोका पुरा केल्याशिवाय मीच उठत नसे. ही गोष्ट नेमकी कोणासाठी चालली आहे, असं बायकोनं तेव्हाच विचारलं होतं. करेजविषयी आणखीही बरंच सांगण्यासारखं आहे, पण असो.

आमच्या दख्खनच्या सूफींना झोपवण्याचं मोल ठाऊक होतं. जात्यावर बसणाऱ्या बाईसाठी त्यांच्याकडे चक्कीनामा होता, सूत कातणारीसाठी चरखानामा आणि पाळण्याशी बसणारीसाठी लोरीनामा. आपल्याकडेही बाराव्या दिवशी पाळणा म्हणतात आणि पुढे अंगाई असते. पण लेकरू पाळण्यात मावेनासं झालं की सगळ्यांची गाणी एकदम संपतात. ज्याचे तळवे पलंगाबाहेर जातात आणि ज्याच्या ओठावर काजळाच्या बोटासारखी मिशी उमटली आहे, अशा माणसाला झोपवायचं गाणं मला कुठे सापडलं नाही. ओवीत नाही, दख्खनीत नाही.

मुक्यावरच्या बंदीचा हुकूम निघाला तो उदगीरला. एप्रिल 2022, तिथं 95 वं साहित्य संमेलन होतं आणि माझी मेहुणीही उदगीरचीच. त्यामुळे साहित्यसेवा आणि पाहुणचार एकाच तिकिटात. उन्हाळा असा, की दिवसभर मांडवात उकडलेली माणसं रात्री गच्चीवर सांडग्यांसारखी ओळीनं पसरली होती. मी खाली ओसरीवर, संमेलनात झालेल्या भाषणांवर माझं भाषण करत बसलो होतो. ते ऐकत बसलेले एकेक करून 'झोप येतेय' म्हणत वर गेले. शेवटी मीही गेलो. वीज गेलेली. पोरानं डावीकडून तिसरं अंथरूण धरल्याचं संध्याकाळी बघून ठेवलं होतं. मधल्या वेळात अंथरुणांची अदलाबदल झाली, ते कोणी सांगितलं नाही. मी सवयीनं टेकलो, वाकलो, कपाळावर मुका ठेवला आणि रोजच्यासारखं कानाशी म्हणालो, "झोप रे माझ्या राजा."

अंधारातून साडूंचा आवाज आला, "झोपतो. पण साडूभाऊ, तब्येत बरी आहे ना?"

गच्चीवरची चौदापैकी तेरा माणसं जागी आहेत, हे मला त्याच क्षणी कळलं. चौदावा माझा मुलगा. त्यानं इतकं गाढ झोपल्याचं सोंग केलं होतं, की खरी झोप कधी इतकी गाढ नसते. सकाळी मेहुणीनं नवऱ्याला चहा देताना 'घ्या राजा' म्हटलं. अजूनही म्हणते. बिदरच्या बसमध्ये पोरगा खिडकीबाहेर बघत बसला होता. घर जवळ आलं तेव्हा म्हणाला, "अप्पा, आता नको." पहिला 'नको' तो.

वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच, हे इथून जवळच्या कल्याणात विज्ञानेश्वरानं मिताक्षरेत लिहून ठेवलं आणि पुढे शेकडो वर्षं कोर्टांनी ते मानलं. मुलाच्या कपाळावर बापाचा हक्क कोणत्या वर्षापर्यंत, हे मात्र त्यानं लिहिलं नाही. एवढा थोर कायदेपंडित, पण पोरगं वयात आलेलं बघितलं नसावं. जुन्या सुभाषितात पहिली पाच वर्षं लाड, पुढची दहा मार, आणि सोळावं लागलं की मित्र, असा हिशेब आहे. मार आमच्या घरात कधी नव्हता, म्हणजे ती दहा वर्षं माझ्या नावावर शिल्लक असायला हवीत. ती लाडाच्या खात्यात वळती करा, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "त्याला विचारा." तिला काय! दर रविवारी तिच्या मांडीवर त्याचं डोकं असतं. तेल जिरवण्याच्या नावाखाली ती ते अर्धा तास थोपटते आणि वर 'किती कोंडा झालाय' म्हणून रागावतेही. तिला कोणी 'वद्दु' म्हणत नाही. मी एकदा तेलाची बाटली घेऊन गेलो, तर त्याला त्या दिवशी सर्दी निघाली.

मग मी आधुनिक व्हायचं ठरवलं. एका रात्री माझ्या खोलीतून त्याच्या खोलीत व्हॉट्सॲप केला. चांगल्या अकरा ओळी. आपलं प्रेम करेजसारखं आहे, वर दिसत नाही, पण जमिनीखालून अखंड वाहतं, अशी उपमा होती. पुढे एखाद्या दिवाळी अंकात वापरता येईल म्हणून टिपूनही ठेवली. भिंतीपलीकडे मोबाईल वाजलेला मला ऐकू आला. बऱ्याच वेळानं अंगठा आला. त्यापाठोपाठ, 'अप्पा, ते ग्रॅव्हिटीनं वाहतं.'

झोपवण्याचा प्रश्न तसा आता उरलेलाही नाही. या वयात मेंदूतलं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा स्रवतं. या मुलांना झोप हवी असते आठ ते दहा तास, आणि एसएसएलसीच्या अभ्यासाला यातलं काहीच मान्य नसतं. दहा वाजता पेंगतो तो मी.

हे सगळं हसण्यावारी नेताना मला अधूनमधून वडील आठवतात. औरादकडचं खेडं, घरात बारा माणसं. आजोबा ओसरीवर असताना वडिलांनी स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, अशी रीत. थोरल्यांपुढे पोटच्या पोराला जवळ घेणं म्हणजे निलाजरेपणा. बरं, रात्री झोपल्यावर घ्यावं, तर आजीचा दंडक, की झोपलेल्या लेकराचा मुका घेऊ नये, हट्टी होतं. म्हणजे जागेपणी रीत आडवी आणि झोपेत आजी. त्या पिढीच्या बापांनी करायचं काय?

आमच्या वडिलांनी त्यातून वाट काढली होती. जनावरांना कडबा टाकून आले, की हातात कंदील घेऊन आमच्या अंथरुणांवरून एक फेरी मारत. पायाशी गेलेली वाकळ गळ्यापर्यंत ओढत आणि हळूच विचारत, "झोपला का रे?" याला उत्तर द्यायचं नसतं, हे आम्हा भावंडांना कोणी न शिकवता कळलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर ते लाजून निघून गेले असते. मी श्वास जड करून पडून राहायचो. हाताला कडब्याचा आणि तंबाखूचा वास. वाकळ नीट झाल्यावरही तो हात थोडा वेळ तिथंच राही. थोडा म्हणजे किती, ते मी मनात मोजायचो. सात, कधी नऊ. एकदा अकरापर्यंत गेलं होतं. तेव्हा मला ताप होता.

त्यांच्या कंदिलावरून कंदील्या सुचला, हे मला हा लेख लिहिताना कळतंय. पोराला सांगितलं पाहिजे. ऐकणार नाही म्हणा.

तर मोटरचं सांगायचं राहिलं. नळाला पाणी येतं त्या दिवशी आमच्याकडे खालचा हौद भरून घेतात आणि मग मोटर लावून वरच्या टाकीत चढवतात. सव्वा वर्षापूर्वी एका संध्याकाळी मी मोटर लावली आणि करेजवर लेख लिहायला बसलो. विनामोटरीचं पाणी कसं आपसूक वाहतं, यावर तिसरं पान चालू होतं. तेवढ्यात मोटरीचं पाणी टाकीवरून गच्चीवर, गच्चीवरून जिन्यावर आणि जिन्यावरून शेजारच्या अंगणात वाळत टाकलेल्या तुरीत शिरलं. शेजारच्या काकू दोन भाषांतून बोलल्या. दोन्ही मला येतात.

त्या दिवसापासून पोरानं हे खातं स्वतःकडे घेतलं. रात्री साडेअकराला अभ्यास आटोपला, की माझ्या खोलीचं दार थोडं ढकलतो. आत येत नाही. एक हात चौकटीवर ठेवून विचारतो, "अप्पा, मोटर बंद केली का?" मी "केली" म्हणतो. उत्तर मिळालं तरी तो लगेच जात नाही, जरा वेळ उभा असतो. मी पुन्हा मोजायला लागलो आहे. सहसा चार, परवा सहा.

मोटर मी आता नऊच्या आतच बंद करतो. त्याला सांगत नाही. तिचं बटन त्याच्या खोलीच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. मोटर चालू असली की त्यावर तांबडा दिवा लागतो, आणि तो त्याच्या पलंगावरून दिसतो.